गीतकार कै. शांताराम आठवले

मराठी मुलखात भजनास किंवा कीर्तनास जाणाऱ्या मनुष्याच्या कानी ‘आधी बीज एकले’ हे पद पडले नाही असे सहसा होत नाही. आषाढी वारीच्या सुमारास आपल्या जालना जिल्ह्यातूनही दिंड्या पंढरपुरास जातात. त्यांतील एखाद्या टाळकऱ्यास हे पद कोणाचे असे विचारले, तर बहुधा तो तत्काळ तुकोबांचे नाव सांगेल, आणि असा प्रश्न करणाऱ्याकडे काहीशा कीवेने पाहील. वस्तुतः हे पद तुकोबांचे नव्हे. तुकोबांस हे जग सोडून पावणेतीनशेंहून अधिक वर्षे झाल्यावर, इ. स. १९३६ च्या सुमारास, पुण्यात एका चित्रपटासाठी ते रचले गेले. आणि ते रचणारा कवी त्या वेळी अवघा सव्वीस वर्षांचा होता. त्याचे नाव शांताराम आठवले. पद घरोघर पोहोचले, समुद्रापलीकडे गेले, तेथे मानासही पात्र झाले. पण कवीचे नाव मात्र वाटेत कोठे तरी मागे राहिले. कवीस ही हानी म्हणावी की याहून मोठे यश नाही असे म्हणावे, हा विचार त्याचे चरित्र वाचताना पुनःपुन्हा मनात येतो.

शांताराम आठवले यांचा जन्म ता. २१ जानेवारी १९१० रोजी पुणे येथे झाला. विद्यार्थिदशेतच ते कविता करू लागले, व त्यांपैकी काही छापल्याही गेल्या. त्या काळी पुण्यात कविता करणाऱ्या विद्यार्थ्यांची वाण नव्हती, आणि त्यांतील बहुतेकांची कविता परीक्षा संपताच आटतही असे. आठवल्यांची आटली नाही, याचे श्रेय काही अंशी प्रसिद्ध कादंबरीकार नारायण हरी आपटे यांस द्यावे लागेल. आपट्यांच्या कादंबऱ्यांनी त्या पिढीतील स्त्री-पुरुषांस वेड लावले होते. त्यांच्या ‘मधुकर’ नियतकालिकात आठवले साहाय्यक म्हणून काम करू लागले. मजकुराची निवड, त्याची काटछाट, शब्दाची पारख, आणि वाचक कोठे कंटाळतो याची जाण, ही नियतकालिकाच्या कचेरीत जशी येते तशी वर्गात बसून येत नाही. पुढे ज्या कामात आठवल्यांनी आयुष्य घालविले त्यास ही शिदोरी फार उपयोगी पडली असावी.

ते काम म्हणजे चित्रपटासाठी गीते रचणे. हा धंदाच त्या वेळी नवा होता. आपल्याकडे बोलपट सुरू झाला तो १९३१ साली. त्यापूर्वीच्या मुक्या चित्रपटांस गीतकाराची गरजच नव्हती. ‘प्रभात फिल्म कंपनी’ ही संस्था १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर व सीताराम कुलकर्णी हे तिचे भागीदार. १९३३ साली कंपनीने आपला मुक्काम पुण्यास हलविला, आणि तेथे निघालेला पहिला चित्रपट म्हणजे १९३४ चा ‘अमृतमंथन’. त्याचे कथानक आपट्यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवरून घेतलेले होते. याच चित्रपटाच्या मराठी आवृत्तीची गीते आठवल्यांनी लिहिली, आणि संगीत दिले केशवराव भोळे यांनी. भोळे हे अमरावतीकडचे; वैद्यकाचा अभ्यास सोडून संगीताच्या मागे लागलेले; ‘एकलव्य’ या टोपणनावाने गवयांवर मार्मिक लेख लिहिणारे. भोळे आणि आठवले ही जोडी येथे जमली, आणि प्रभातच्या उत्तमोत्तम गीतांपैकी पुष्कळ या दोघांची आहेत.

वहीत कविता लिहिणे आणि चित्रपटासाठी गीत लिहिणे यांत फार अंतर आहे. वहीतल्या कवितेत कवी स्वतःच्या मुखाने बोलतो. चित्रपटात त्याला कधी राणीच्या, कधी भिकाऱ्याच्या, कधी शाळकरी पोराच्या मुखाने बोलावे लागते. प्रसंग कथालेखकाने ठरविलेला, चाल संगीत-दिग्दर्शकाच्या मनात घोळणारी, गाणारा नट अमुक स्वरापर्यंतच पोहोचणारा, आणि गाण्याची तबकडी निघाली तर ती तीन-साडेतीन मिनिटांत संपणारी! शिवाय त्या काळी बहुधा नट-नटी स्वतःच गात. दुसऱ्याच्या आवाजाची उसनवारी अद्याप रूढ झाली नव्हती. तेव्हा गाणाऱ्याच्या जिभेस न पेलणारा शब्द, तो कितीही सुंदर असला तरी, कवीस सोडून द्यावा लागे. इतक्या चौकटींत राहून जो जिवंत ओळ लिहितो त्यास गीतकार म्हणावयाचे. असे लिहिणाऱ्यास पुष्कळ जण कवींच्या पंक्तीस बसवीत नाहीत. आमच्या मते हा अन्याय होय.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. १९३६ साली दामले आणि फत्तेलाल या दोघांनी ‘संत तुकाराम’ हा चित्रपट हाती घेतला. कथा शिवराम वाशीकर यांनी लिहिली. तुकोबांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांची निवड झाली. पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्री-भूमिका करीत असत. अशा नटाने विठ्ठलभक्त वाण्याचे सोंग आणावे याचे अनेकांस नवल वाटले. जिजाईची भूमिका गौरी नावाच्या नटीने केली. संगीत अर्थातच केशवराव भोळे यांचे, आणि गीते आठवल्यांची.

गीते आठवल्यांची असे म्हणताना कोणी हसेल. ज्या चित्रपटाचा नायक तुकाराम, त्यात दुसऱ्या कवीस काय काम? तुकोबांचे साडेचार हजारांवर अभंग उपलब्ध आहेत. देहू, तळेगाव, पंढरपूर इत्यादी ठिकाणच्या जुन्या पोथ्या ताडून मुंबई सरकारच्या आश्रयाने विष्णुशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ पासून गाथेची छापील आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हापासून तर ते अभंग कोणासही सहज मिळू लागले. चित्रपटातही तुकोबांचे अस्सल अभंग आहेतच. परंतु गाथा ही काही चित्रपटाच्या प्रसंगांकरिता रचलेली नव्हे. एका ठिकाणी जो भाव, जी लय आणि जेवढी लांबी हवी होती तीस बेतशीर बसणारा अभंग गाथेत मिळेना. तेव्हा आठवल्यांनी स्वतःच पद रचले, तेच ‘आधी बीज एकले’. एका बीजापासून वृक्ष, वृक्षापासून पुन्हा अगणित बीजे, आणि या सर्व पसाऱ्याच्या मुळाशी व शेवटी एकच तत्त्व, हा वेदान्तातील जुना विचार त्यांनी शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरील दृष्टान्तातून मांडला. त्यात अवघड शब्द एकही नाही. पागनिसांच्या तोंडी ते पद असे शोभले की ते गाथेतीलच आहे असे श्रोत्यांनी धरून चालले. गाथेच्या व्यासंगी लोकांनीदेखील ते मूळ पोथीत शोधले असे सांगतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तुकोबांच्या अभंगाच्या अखेरीस त्यांच्या नावाची मुद्रा असते, हे शाळेतल्या लहान मुलासही माहीत आहे. आठवल्यांच्या पदात ती मुद्रा नाही. ती घालणे काही कठीण नव्हते. चार अक्षरांची तर गोष्ट. जुन्या काळी अनेकांनी आपली पदे संतांच्या नावावर खपविली, आणि त्यामुळे गाथांतील अस्सल कोणते व मागाहून घुसडलेले कोणते हे ठरविताना विद्वानांचे डोळे शिणले. आठवल्यांनी तुकोबांची भाषा घेतली, तुकोबांची दृष्टी घेतली, पण तुकोबांची सही केली नाही. लोकांनी मागाहून ती आपल्या मनाने केली, त्यास कवीचा इलाज नव्हता.

आणखी मौज अशी की, त्या चित्रपटाचा विषयच मुळी दुसऱ्याचे काव्य आपल्या नावावर गाण्याचा आहे. चित्रपटातील खलपुरुष सालोमालो. चित्रपटाच्या आरंभीच तुकोबा आपला अभंग गात असलेले दिसतात, आणि लागलीच तोच अभंग सालोमालो देवळात स्वतःचा म्हणून गाताना दिसतो. हा सालोमालो केवळ वाशीकरांच्या कल्पनेतला नव्हे. खुद्द गाथेत तुकोबांनी त्याचे नाव घेऊन त्याच्यावर अभंग रचले आहेत. तेव्हा पाहा, पडद्यावर एक मनुष्य तुकोबांचे काव्य चोरून आपले म्हणवितो आहे, आणि पडद्यामागे दुसरा एक मनुष्य आपले काव्य तुकोबांच्या पदरात टाकून बाजूस उभा आहे. कथालेखकाने मुद्दाम योजिले असते तरी हे इतके नेमके साधले नसते.

समर्थ रामदासस्वामींचे जन्मगाव जांब हे आपल्याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात आहे. तुकोबा आणि समर्थ दोघेही शके १५३० मध्ये, म्हणजे इ. स. १६०८ साली, जन्मले असे परंपरा मानते. त्यामुळे या भागातील लोकांस त्या दोघांचे काव्य घरचे वाटावे यात नवल नाही. १९३६ साली आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि पुणे इंग्रजी अमलाखाली होते. पण वारीची वाट आणि ओवी-अभंगांची भाषा यांस ती हद्द कधीच आडवी आली नव्हती.

‘संत तुकाराम’ ता. १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात लागला, आणि तेथे सत्तावन्न आठवडे चालला. एका संतचरित्रास एका चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ गर्दी लोटावी हे त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. पागनिसांस लोक साक्षात तुकाराम समजून नमस्कार करीत, आणि त्यांनाही मग ती भूमिका जन्मभर उतरविता आली नाही असे म्हणतात.

पुढल्या वर्षी हा चित्रपट इटलीतील व्हेनिस शहरी गेला. व्हेनिस हे समुद्राच्या खाजणात वसलेले शहर. रस्त्यांऐवजी तेथे कालवे आहेत. त्याच्या लिडो नावाच्या बेटावर १९३२ सालापासून निरनिराळ्या राष्ट्रांच्या चित्रपटांचा मेळा भरू लागला. जगातील अशा मेळ्यांत तो सर्वांत जुना गणला जातो. १९३७ साली तेथे मुसोलिनीची सत्ता होती, आणि परदेशी चित्रपटास द्यावयाच्या मुख्य पारितोषिकासही त्याचेच नाव होते. ते त्या वर्षी एका फ्रेंच चित्रपटास मिळाले. परंतु ‘संत तुकाराम’ यासही परीक्षकांनी विशेष गौरवाचे प्रशस्तिपत्रक दिले. हंगेरी आणि ऑस्ट्रेलिया या देशांच्या एकेका चित्रपटाबरोबर त्याची त्या वर्षीच्या तीन उत्तम चित्रपटांत गणना झाली, अशी नोंद आपल्याकडे केली जाते. परदेशातील स्पर्धेत भारतीय चित्रपटास असा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ होय.

या यशात गीतकाराचा वाटा किती, असा प्रश्न उत्पन्न होतो. परीक्षकांस मराठी येत नव्हते. देहूचा वाणी कोण, अभंग म्हणजे काय, विठ्ठल कोणता, हे त्यांनी पूर्वी ऐकलेही नसेल. घरातील भाकरीच्या चिंतेने चिडणारी, आणि तरीही नवऱ्यावर जीव टाकणारी जिजाई त्यांस कळली असेल. कारण अशी स्त्री इटलीच्या खेड्यातही असते. पण पद? पदाचा अर्थ न कळता पद आवडते ते त्याच्या लयीमुळे, आणि गाणारा मनुष्य खरे गातो आहे या खात्रीमुळे. शब्द ओढूनताणून बसविलेले असते तर पागनिसांचा स्वर तसा मोकळा लागला नसता. म्हणून आम्हांस वाटते की, व्हेनिसच्या परीक्षकांनी आठवल्यांची एक ओळही न समजता त्यांच्या कामाची परीक्षा केली, आणि ती बरोबर केली. हा चित्रपट मूळ मराठीतच निघाला, ही गोष्टही येथे महत्त्वाची आहे. प्रभातचे अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघत, आणि हिंदीची गीते निराळे कवी लिहीत. ‘संत तुकारामा’च्या रूपाने मात्र खुद्द मराठी शब्दच समुद्रापार गेले.

याच्या उलट प्रकार ‘कुंकू’ या १९३७ च्या चित्रपटाचा झाला. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी तो काढला. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा नावाची मुलगी तो संसार पत्करण्याचे साफ नाकारते, हा त्याचा विषय. शांता आपटे आणि केशवराव दाते यांनी त्यात कामे केली. चित्रपटभर कोठेही पार्श्वसंगीत नाही; रस्त्यावरचे, घरातले, घड्याळाचे जे आवाज असतील तेवढेच. अशा चित्रपटात गाणे आले तर ते कोणी तरी खरोखरच गात असले पाहिजे. आठवल्यांनी ‘मन सुद्ध तुझं’ हे पद येथे लिहिले, तेही खेडवळ बोलीत, ‘शुद्ध’चे ‘सुद्ध’ करून. ज्या कवीने वर्षभरापूर्वी तुकोबांच्या मुखी वेदान्त घातला त्यानेच हे लिहिले, यावरून त्याची जीभ किती लवचिक होती ते दिसते. शांता आपटे यांनी याच चित्रपटात लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविताही म्हटली आहे. इंग्रजी वाचनमालेत ती कविता पाठ केलेल्या त्या वेळच्या विद्यार्थ्यांस तिचा मोठा अचंबा वाटला असेल. ‘कुंकू’चे हिंदी रूप ‘दुनिया न माने’ हेही व्हेनिस येथे दाखविले गेले. पण त्यातील गीते दुसऱ्याची असल्यामुळे आठवल्यांचे शब्द या वेळी घरीच राहिले.

त्यानंतर ‘गोपाळकृष्ण’, ‘संत ज्ञानेश्वर’, ‘संत सखू’ अशा चित्रपटांची गीते त्यांनी लिहिली. १९४१ च्या ‘शेजारी’ या चित्रपटात एका हिंदू व एका मुसलमान म्हाताऱ्याच्या मैत्रीची आणि ती तुटण्याची कथा आहे. त्यातील ‘लखलख चंदेरी’ हे आठवल्यांचे गीत मास्टर कृष्णराव यांच्या चालीवर अद्यापि लोकांच्या ओठांवर आहे. १९४४ च्या ‘रामशास्त्री’तील ‘दोन घडीचा डाव’ हेही त्यांचेच. बालपणीचा रामशास्त्री आणि त्याची चिमुकली बायको यांच्या त्या गीतात खेळ आणि आयुष्य यांची जी सहज सांगड घातली आहे, ती आम्हांस ‘आधी बीज’च्या खालोखाल वाटते.

परंतु प्रभातचे दिवस आता भरत आले होते. १९४२ साली व्ही. शांताराम कंपनी सोडून गेले. १९४५ साली दामले वारले. आठवल्यांनीही वाट बदलली, आणि १९४८ च्या ‘भाग्यरेखा’ या चित्रपटापासून ते दिग्दर्शक झाले. य. गो. जोशी यांच्या घरगुती कथांवरून त्यांनी १९५३ साली ‘वहिनीच्या बांगड्या’ आणि १९५५ साली ‘शेवग्याच्या शेंगा’ हे चित्रपट काढले. एकत्र कुटुंबातील रुसवेफुगवे, दीर-भावजयीची माया, वाटण्यांची कुरबुर, असा त्यांचा मध्यमवर्गीय विषय. दुसऱ्या चित्रपटास केंद्र सरकारच्या पारितोषिक-योजनेत गुणवत्तेचे प्रशस्तिपत्रकही मिळाले. बायाबापड्यांनी हे चित्रपट डोळे पुसत पाहिले. तथापि आमचे प्रांजळ मत असे की, आठवले दिग्दर्शक म्हणून चांगले होते, आणि गीतकार म्हणून मोठे होते. आणि मोठेपण मागे टाकून चांगलेपण पत्करण्याची पाळी त्यांच्यावर काळाने आणली. माणसाने दिग्दर्शक व्हावे, निर्मितीचा सारा व्याप सांभाळावा, तेव्हाच चित्रपटसृष्टीत त्याचे नाव ठळक अक्षरांत लागते. गीते लिहिणाऱ्याचे लागत नाही.

‘प्रभात’ १९५३ साली बंद पडली. ज्या आवारात तुकोबांचे देहू उभारले होते, तेथे १९६० पासून चित्रपटविद्या शिकविणारी सरकारी संस्था आली. त्या कंपनीचा इतिहास विस्मृतीत जाऊ नये म्हणून आठवल्यांनी ‘प्रभातकाल’ हे पुस्तक लिहिले. ते १९६५ साली प्रसिद्ध झाले. कोणी कोणते काम केले, कोणाची कल्पना कोणाच्या नावे नोंदली गेली, हे जवळून पाहिलेल्या मनुष्याने ते लिहिले असल्यामुळे अभ्यासक अद्यापि त्याचा आधार घेतात. स्वतःचे पद दुसऱ्याच्या नावे झालेले निमूटपणे पाहणाऱ्या या गृहस्थाने इतरांच्या श्रेयाचा हिशेब मात्र टाकून दिला नाही.

ता. २ मे १९७५ रोजी शांताराम आठवले यांचे निधन झाले. व्हेनिसचे ते प्रशस्तिपत्रक त्यापूर्वीच कोठे तरी गहाळ झाले होते. पुष्कळ वर्षांनी ते एका चित्रपटप्रेमी गृहस्थाजवळ असल्याचे आढळले, आणि २००४ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात परत आले.